जलपिसूचा पत्ता

महाविद्यालयात मराठीच्या प्राध्यापकाकडे एक बिनपगारी काम हमखास येते. इतर विभागांचे अहवाल ‘भाषेच्या दृष्टीने जरा पाहून’ देण्याचे. काही वर्षांपूर्वी पर्यावरण विषयाच्या एका प्रकल्पाची वही अशीच माझ्याकडे आली. ती लिहिणारा विद्यार्थी मानखुर्दचा होता. मीही मानखुर्दलाच राहत असल्याने ती जरा आस्थेने वाचली. रेल्वेरुळांच्या कडेला आणि अर्धवट बांधकामांच्या खड्ड्यांत पावसाळ्यात जी डबकी साठतात, त्यांतल्या पाण्याचे नमुने घेऊन त्यात दिसणाऱ्या सूक्ष्म जीवांची यादी त्याने केली होती. यादीत तिसऱ्या क्रमांकावर ‘डॅफ्निया पुलेक्स’ असे नाव होते. मी इमानाने सगळे ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि वही प्राणिशास्त्राच्या सहकारी बाईंकडे दिली. त्यांनी तिसरी ओळ आख्खीच खोडली. वर विद्यार्थ्याला बोलावून एकच प्रश्न विचारला, “हे तू पाहिलंस की वाचलंस?”

त्याने ते वाचले होते. पाहिलेही होते, पण पाहिलेल्याला नाव देताना पाठ्यपुस्तकातल्या आकृतीखाली जे छापले होते ते उतरवले होते. पुस्तकातली आकृती युरोपातल्या प्राण्याची. बाईंनी त्याच डबक्यातले पाणी पुन्हा आणवले, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले आणि मलाही पाहू दिले. पारदर्शक, वाटोळसर, एकाच काळ्या डोळ्याचा जीव हिसके देत पोहत होता. पाठीतल्या पोकळीत पिल्ले हलताना दिसत होती. बाईंनी वहीत लिहिले, ‘मोइना, जाती अनिश्चित.’ मी म्हटले, एवढा खटाटोप करून शेवटी अनिश्चितच? त्या म्हणाल्या, “नर सापडला नाही, खोगीर सापडलं नाही. मग नाव कशावरून देऊ?”

या उत्तराने मला पकडून ठेवले. जुन्या पोथ्यांच्या पाठांविषयी आम्ही वर्गात जे शिकवतो, तेच ही बाई डबक्याविषयी बोलत होती. पुढे त्यांच्याकडून मिळालेले लेख वाचत गेलो, तेव्हा या क्षुद्र जीवाच्या इतिहासातले एक महत्त्वाचे पान आपल्या नागपुरात लिहिले गेले आहे, हे कळले. प्रस्तुत लेख त्या पानाविषयी आहे.

आधी या जीवाची थोडी ओळख. जलपिसू ही पिसू नव्हे, कीटकही नव्हे. ती झिंगे-खेकड्यांच्या दूरच्या कुळातली आहे. सतराव्या शतकात स्वामरडाम या डच निरीक्षकाने तिच्या उड्या मारत पोहण्यावरून आणि फांद्यांसारख्या शृंगिकांवरून तिला ‘फांद्यांची पाणपिसू’ अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले. पुढे १७८५मध्ये म्युलर या डॅनिश अभ्यासकाच्या ग्रंथातून ‘डॅफ्निया’ हे नाव रूढ झाले. १८२९मध्ये लात्रेय या फ्रेंच पंडिताने या सगळ्या गटाला ‘क्लॅडोसेरा’ म्हटले. त्याचाही अर्थ ‘फांदीसारखी शिंगे असलेले’ असाच. म्हणजे नाव देणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांत पहिल्यांदा भरली ती हीच गोष्ट.

परंतु जे पहिल्यांदा डोळ्यांत भरते ते वर्गीकरणाला पुरत नाही. शरीराचा आकार, डोक्यावरचा टोप, शेपटीचा काटा यांत ऋतूनुसार, अन्नानुसार आणि जवळपास मासे असल्या-नसल्यानुसार फरक पडतो. त्यामुळे एकाच जातीचे दोन जीव निराळे वाटू शकतात आणि दोन जातींचे जीव सारखे. खरी ओळख पटवायची तर एखाद-दोन मिलिमीटरच्या देहाची काळजीपूर्वक चिरफाड करावी लागते. पायांवरचे केस, पश्चउदराच्या नखीवरील दातांची रांग, डोक्यावरची सूक्ष्म छिद्रे, सारे पाहावे लागते. शिवाय नर पाहावा लागतो, आणि नर तर बहुतेक काळ नसतोच. अनुकूल दिवसांत माद्या नरावाचून माद्यांनाच जन्म देत राहतात. पाणी आटू लागले, दिवस फिरले की नर निपजतात, मीलन होते आणि मादीच्या पाठीवर एक जाड, गडद कोश तयार होतो. त्याचा आकार घोड्याच्या खोगिरासारखा, म्हणून त्याचे शास्त्रीय नावही खोगीर याच अर्थाचे आहे. त्यातली अंडी चिखलात सुकून पडतात आणि अनेक वर्षांनी, प्रसंगी दशकांनीही, पाणी मिळाल्यावर उबतात. बाईंना हवे होते ते हे खोगीर. मोइनाच्या जाती ओळखण्यात नराच्या आणि खोगिराच्या खुणांना मोठे महत्त्व आहे.

आता नागपूरकडे वळू.

स्टीफन हिस्लॉप (१८१७–१८६३) हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी. १८४५च्या सुमारास ते नागपुरास आले, शाळा काढली. त्यांच्या नावाचे महाविद्यालय आजही नागपुरात आहे. धर्मप्रसार हे त्यांचे काम, पण नजर सतत जमिनीकडे असे. सहकारी मिशनरी रॉबर्ट हंटर यांच्यासह नागपूर परिसराच्या भूशास्त्रावर त्यांनी लिहिलेला निबंध १८५५मध्ये लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नागपूरच्या दक्षिणेकडील मांगली येथील दगडांतून त्यांनी जीवाश्म मिळवले. त्यांतल्या एका प्राचीन उभयचराच्या कवटीचे वर्णन रिचर्ड ओवेन या प्रख्यात शरीररचनाशास्त्रज्ञाने केले. त्याच दगडांत दोन शिंपल्यांत मिटलेले, नखाएवढेही नसलेले कवचधारी प्राणी सापडले. दिसायला शिंपले, पण वस्तुतः जलपिसूंचे नातलग. त्यांना तेव्हा ‘एस्थेरिया’ म्हणत. मांगलीच्या या जीवाश्माला १८६२मध्ये रूपर्ट जोन्स यांनी गावाचेच नाव दिले.

दगडातला एस्थेरिया हाती असलेल्या माणसाला पाण्यातला जिवंत एस्थेरिया पाहावासा वाटावा, हे स्वाभाविक होते. हिस्लॉप यांनी गोड्या पाण्यातले सूक्ष्म कवचधारी जीव गोळा करून लंडनला धाडले. तेथे ब्रिटिश म्युझियममध्ये विल्यम बेअर्ड होते. ब्रिटनमधील अशा जीवांवरचा त्यांचा ग्रंथ १८५०मध्ये आलेला होता आणि या विषयात त्यांचा शब्द अखेरचा मानला जाई. १८५९मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेच्या वृत्तान्तात बेअर्ड यांचा चार पानांचा लेख आला. ‘रेव्हरंड हिस्लॉप यांनी गोळा केलेले नागपूरचे काही नवे जीव’ असा त्याचा विषय. त्यातल्या एका इवल्या शिंपलीधारी जीवाला त्यांनी ‘एस्थेरिया हिस्लॉपी’ हे नाव दिले.

हिस्लॉप यांच्या वाट्याला पुढे फार दिवस आले नाहीत. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून घोड्यावरून परतताना पुराने फुगलेल्या ओढ्यात ते बुडाले. पाण्यातल्या एका जीवाला नाव देऊन गेलेला माणूस पाण्यातच गेला.

ते नाव मात्र प्रवासाला निघाले. नॉर्वेमध्ये गेओर्ग ओसियान सार्स नावाचे एक विलक्षण प्राणिशास्त्रज्ञ होते. दूरदेशीचे वाळलेले चिखल मागवायचे, काचपात्रात पाणी घालून ठेवायचे आणि त्यातून काय उबते ते पाहायचे, ही त्यांची पद्धत. त्यांना जहाजात बसावे लागत नसे, तळीच टपालाने घरी येत. १८८५मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या गाळातून त्यांनी अनेक जलपिसवा वाढवल्या. गाळ पाठवणाऱ्या लुमहोल्ट्झ या प्रवाशाच्या नावाने ‘डॅफ्निया लुमहोल्ट्झी’ ही जात त्यांनीच वर्णन केली. ती आपल्याकडच्या तलावांतही सापडते. १८८७मध्ये ऑस्ट्रेलियाच्याच वाळल्या गाळातून एक शिंपलीधारी जीव निघाला. सार्सने बेअर्डचे वर्णन समोर ठेवले, प्राणी जुळतो असे ठरवले आणि इतर एस्थेरियांपासून त्याचा वेगळेपणा ओळखून त्याला ‘सायक्लेस्थेरिया हिस्लॉपी’ या नव्या नावाखाली आणले.

वेगळेपणा खरोखर मोठा होता. इतर शिंपलीधारी जीवांची पिल्ले अळीच्या रूपात पाण्यात मोकळी फिरतात. हा जीव मात्र जलपिसूप्रमाणे पिल्लांना पाठीवरच्या पोकळीत, त्यांना मोठ्यांचे रूप येईपर्यंत सांभाळतो. जलपिसूप्रमाणेच नरावाचून संतती आणि प्रसंगी नराची उत्पत्ती, असा त्याचा क्रम. म्हणूनच आज सायक्लेस्थेरिया हा जलपिसूंचा हयात असलेला सर्वांत जवळचा आप्त मानला जातो. जलपिसू कशी उद्भवली, हे ज्याला समजून घ्यायचे त्याला नागपूरच्या या शिंपलीपाशी यावेच लागते.

सार्सच्या या एका निर्णयाने नागपूरचा प्राणी एकदम ऑस्ट्रेलियाचाही रहिवासी झाला. पुढे आफ्रिका, दक्षिण अमेरिका, आग्नेय आशिया, जिथे जिथे असे जीव सापडले तिथे तिथे तेच नाव लागत गेले. शंभर वर्षांत ‘हिस्लॉपी’ ही साऱ्या उष्ण कटिबंधात पसरलेली, आपल्या कुळातली एकुलती एक जात ठरली. त्यात कोणी लबाडी केली नव्हती. वाळलेली अंडी वाऱ्याबरोबर, बदकांच्या पायांच्या चिखलाबरोबर कुठेही जाऊ शकतात, तेव्हा गोड्या पाण्यातले सूक्ष्म जीव सर्वत्र सारखेच असणार, असा एकूण समज होता. समज पटण्यासारखा होता, म्हणूनच तो कोणी तपासला नाही.

जलपिसूंच्या बाबतीत तो तपासण्याचे श्रेय मुख्यतः डेव्हिड फ्राय या अमेरिकी अभ्यासकाकडे जाते. १९८०च्या दशकात त्यांनी ठामपणे मांडले की सर्वत्र आढळणाऱ्या म्हणून प्रसिद्ध असलेल्या अनेक जलपिसवा म्हणजे प्रत्यक्षात सारख्या दिसणाऱ्या निरनिराळ्या जातींचे गट आहेत. नाव एकच दिसते, कारण सगळ्यांनी युरोपातली तीच पुस्तके पुढे ठेवून आपापले जीव त्यांत बसवले.

सायक्लेस्थेरियाचा निकाल २०१३मध्ये लागला. श्वेंटनर आणि सहकाऱ्यांनी निरनिराळ्या खंडांतील नमुन्यांची जनुकीय तुलना केली. लेखकांत पुण्याचे समीर पाध्ये हेही होते. दिसायला सारखे असणारे हे जीव एक जात नसून अनेक जाती आहेत आणि त्यांच्या काही शाखांची फारकत क्रिटेशस कालखंडाइतकी, म्हणजे डायनोसॉरांच्या काळाइतकी जुनी आहे, असे त्यातून दिसले. ज्याला आपण एक घर समजत होतो ती अनेक बिऱ्हाडे निघाली.

मग ‘हिस्लॉपी’ हे नाव कोणाचे? प्राणिनामांचा नियम येथे स्पष्ट आहे. नाव मूळ नमुन्याला, ज्याला अभ्यासक ‘टाइप’ म्हणतात त्याला, बांधलेले असते. तेव्हा नाव नागपूरकराचे. बाकीच्यांना, तपासणीनंतर, आपापली नावे शोधावी लागतील. पण येथे इतिहासाच्या वाचकाला एक बारीक शंका येते. १८५९च्या लेखातले ‘नागपूर’ म्हणजे नेमके काय? भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यानंतर १८६१मध्ये मध्य प्रांताची स्थापना होईपर्यंत ‘नागपूर’ हे शहराचेही नाव होते आणि एका विस्तीर्ण प्रांताचेही. लंडनमध्ये बसलेल्या बेअर्डला हा फरक जाणवण्याचे कारण नव्हते. एका शब्दाच्या चिठ्ठीत शहराजवळचा तलावही बसतो आणि दोन दिवसांच्या वाटेवरचे डबकेही.

मानखुर्दला राहणाऱ्याला तर याचे महत्त्व सांगायला नको. ‘खुर्द’ म्हणजे धाकटे, ‘बुद्रुक’ म्हणजे थोरले. दोन्ही शब्द फारसीतून आले आणि महसुली दप्तरांतून आपल्या गावांच्या नावांना कायमचे चिकटले. महाराष्ट्रात वडगावे, पिंपळगावे किती, याची गणती नाही. नुसते ‘वडगाव’ लिहिलेली चिठ्ठी बाटलीत असून नसल्यासारखीच. नोंद खरी ठरण्यासाठी प्राणी बरोबर ओळखलेला असावा लागतो, तसेच गावही बरोबर ओळखलेले असावे लागते.

भारतातल्या जलपिसूंच्या नोंदींचा इतिहास या दोन्ही बाजूंनी तपासावा लागला. विसाव्या शतकाच्या आरंभी रॉबर्ट गर्नी यांनी कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधील नमुन्यांवर १९०६ आणि १९०७मध्ये लेख लिहिले. याच संग्रहालयातून १९१६मध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था उभी राहिली. १९८८मध्ये या संस्थेने मायकेल आणि शर्मा यांचा भारतीय क्लॅडोसेरांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला आणि देशभरच्या महाविद्यालयांना एक हाताशी धरण्याजोगे पुस्तक मिळाले. या काळात तलावांच्या पाहण्या खूप झाल्या, याद्याही खूप झाल्या. प्रत्येक यादीमागे कुणाचे तरी उन्हातान्हातले श्रम होते. पण पुष्कळ याद्यांमागे बाटली नव्हती. नमुना जपून ठेवलेला नाही, आकृती काढलेली नाही, फक्त नाव. असे नाव पुन्हा तपासायचे म्हटले तर कशाशी ताडून पाहायचे?

उदाहरणादाखल ‘डॅफ्निया कॅरिनाटा’ घेता येईल. ही जात १८५३मध्ये ऑस्ट्रेलियातून किंग या धर्मोपदेशकाने वर्णन केली. भारतात हे नाव प्रयोगशाळांतून आणि प्रबंधांतून सर्रास वापरले गेले. पुढे १९९१मध्ये हुडेक यांनी दक्षिण भारतातील नमुने बारकाईने पाहून ‘सिमिलॉइडिस’ ही वेगळी जात वर्णन केली. तेव्हा आपल्याकडच्या जुन्या ‘कॅरिनाटां’कडे संशयाने पाहणे भाग पडले. ‘मोइना मायक्रुरा’चेही तसेच. हे नाव १८७५मध्ये कुर्झ याने बोहेमियातल्या जीवाला दिले. बोहेमियाच्या थंड प्रदेशातला जीव आणि मानखुर्दच्या डबक्यातला जीव एकच, हे गृहीत कसे धरायचे? बाईंनी ‘जाती अनिश्चित’ लिहिले त्यामागे हा सगळा इतिहास होता.

२०१३मध्ये चटर्जी, कोटोव्ह, व्हान डाम, चंद्रशेखर आणि पाध्ये यांनी भारतातील क्लॅडोसेरांची सटीप यादी प्रसिद्ध केली. तिचे मोल तिच्यातल्या नावांइतकेच तिच्या टिपांत आहे. कोणती नोंद ग्राह्य, कोणती संशयास्पद, हे तिने नावानावाने सांगितले. पुढच्याच वर्षी पाध्ये आणि बेल्जियमचे द्युमाँ यांनी पुण्यातून ‘मोइना हेमंती’ ही नवी जात वर्णन केली. पुण्याचे प्राणिशास्त्राचे अध्यापक हेमंत घाटे यांच्या नावावरून हे नाव आले. बोहेमियाच्या नावाखाली कदाचित झाकून गेली असती अशी एक जलपिसू एका मराठी शिक्षकाचे नाव घेऊन शास्त्रात उभी राहिली, याचा मला मराठीचा शिक्षक म्हणूनही आनंद वाटतो.

येथवर आल्यावर तुलना केल्यावाचून राहवत नाही. शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली, कारण तीनशे वर्षांच्या नकलांनी मूळ झाकोळले होते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी १९१९ ते १९६६ अशी जवळपास पन्नास वर्षे खर्ची घातली. या साऱ्या खटाटोपाचा एक साधा नियम आहे. हस्तलिखिते मोजायची नसतात, तोलायची असतात. एकाच चुकीच्या प्रतीवरून वीस नकला झाल्या, तर साक्षी वीस होत नाहीत, एकच राहतो. वीस प्रबंधांत ‘कॅरिनाटा’ आहे, म्हणून वीस वेळा ती सापडली असे होत नाही. कदाचित एकदाच, एका पुस्तकातून, ती उतरवली गेली असेल.

फरकही आहे, आणि तो महत्त्वाचा. ज्ञानेश्वरांचा स्वहस्ताक्षरातला ग्रंथ आपल्यापाशी नाही, म्हणून आपल्याला तर्काने मुळाकडे जावे लागते. जलपिसूच्या अभ्यासकाला मात्र मूळ ठिकाणी जाऊन पुन्हा पाण्यात जाळे टाकता येते. अट एवढीच की ते ठिकाण शिल्लक हवे.

कुणी म्हणेल, इतक्या लहान जीवाच्या नावासाठी इतका कीस काढायचा कशाला? त्याला नारूची आठवण करून द्यावी. महाराष्ट्रातल्या पायऱ्यांच्या विहिरींनी पिढ्यान्‌पिढ्या ज्या रोगाचे हाल पाहिले, तो नारू पाण्यातल्या ‘सायक्लॉप्स’ या जीवावाटे माणसात येतो, हे १८७०च्या सुमारास तुर्केस्तानात काम करणाऱ्या फेदचेंको या रशियन अभ्यासकाने दाखवले. सायक्लॉप्सलाही लोक पाणपिसूच म्हणतात, पण तो जलपिसूंच्या गटातला नव्हे. कोणता जीव दोषी आणि तो केवढा, हे नेमके कळले, तेव्हा दुहेरी फडक्याने पाणी गाळून पिण्याच्या साध्या उपायाला शास्त्राचा आधार मिळाला. २०००मध्ये भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणित झाले. ‘पाण्यातले किडे’ एवढ्यावर थांबले असते, तर हे घडले नसते.

आणि नारूसारखा उपयोग नसला तरीही दुसरे एक कारण उरते. ‘सर्वत्र आढळते’ असे एकदा लिहिले, की त्या जीवाच्या कोणत्याही एका घराची कोणाला फिकीर राहत नाही. एक तळे बुजले तर काय, दुसरीकडे आहेच. पण जर ती एकाच पठारावरची, एकाच जिल्ह्यातली असेल तर? तर ते तळे बुजवताना आपण प्रतच नव्हे, मूळ संहिता जाळत असतो, आणि ते आपल्याला कळतही नाही, कारण यादीत युरोपातले नाव सुखरूप छापलेले असते.

त्या विद्यार्थ्याची वही अखेर बाईंच्या दुरुस्तीसह जमा झाली. तिसऱ्या ओळीत ‘मोइना, जाती अनिश्चित’, पुढे तारीख, आणि ‘मानखुर्द’ एवढ्यावर न थांबता रुळांपासून डबके किती पावलांवर आहे तेही त्याने लिहिले. नमुना लहान बाटलीत मद्यार्कात घालून विभागाच्या कपाटात ठेवला. पुढल्या वर्षी त्या डबक्यावर भराव पडला. आता तेथे पाणी साठत नाही. खोगिरे खाली मातीत असतील, नसतील. बाटलीवरची चिठ्ठी मात्र आहे, आणि उद्या ज्याला नर आणि खोगीर यांचे नमुने आसपासच्या डबक्यांतून मिळतील, त्याला ताडून पाहायला एक खरी नोंद शिल्लक आहे.

मी त्या वहीत फक्त शुद्धलेखन तपासले होते. शुद्ध लिहिणे आणि खरे लिहिणे यांतले अंतर किती असते, हे मला त्या खोडलेल्या ओळीने शिकवले.